बोळातली झाडं

चिमट्यात धरलेलं पान तिने खिडकीच्या उजेडात नेलं, आणि ती काही बोलायच्या आधीच मफलरने विचारलं,

"गेलं?"

"गेलं."

तासाभरापूर्वी काचघरातून खुडून आणलं तेव्हा हेच पान कसं टवटवीत होतं. शीतपेटीत गोठून बाहेर आलं, वितळलं आणि शिजवलेल्या पालकासारखं चिमट्यातून लोंबायला लागलं. तरी नियम तो नियम, म्हणून तिने ते नळीतल्या पाण्यात बुडवलं आणि मापकाची तार आत सोडली. पान मेलं की त्याच्या पेशी फुटतात आणि आतले क्षार पाण्यात उतरतात. जितके क्षार जास्त, तितकं मरण पक्कं. काटा पार टोकाला गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

मफलर म्हणजे शीतपेटीचा राखणदार. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते उच्चारलं जायचं. ऐन उन्हाळ्यातही त्याच्या गळ्यात तपकिरी मफलर असायचा, कारण पेटीचा गारठा आपल्या हाडांत मुरलाय असं त्याचं म्हणणं होतं. त्याने फळ्यावर आणखी एक फुली मारली आणि खडू झटकत म्हणाला,

"बाई, ह्यांना रानटी म्हणायचं ना? मग ही शेतातल्या बटाट्यासारखीच नाजूक कशी?"

ह्याचं उत्तर तिच्याकडे असतं तर ती अशी खिडकीशी उभी कशाला राहिली असती? शेतातला बटाटा वसंतातल्या एका गोठलेल्या दहिवराने काळा पडतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि त्याचे रानातले चुलतभाऊ उंच डोंगरांवर बर्फात पाय रोवून पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं फुलवतात, हेही पुस्तकांत लिहिलेलं होतं. त्यांना लागतात गोट्यांएवढे बटाटे, आणि तेही इतके कडू की जीभ आक्रसून जावी. खायला निरुपयोगी. पण त्यांच्या अंगातलं गारठा सोसण्याचं बळ संकराने शेतातल्या बटाट्यात आणता आलं, तर कितीतरी शेतं वाचतील. म्हणून तिने कुठून कुठून बिया मागवल्या होत्या, रुजवल्या होत्या, आणि ती रोपं तळहाताच्या फोडासारखी जपली होती. काचघराच्या फटी तिने स्वतः शिडीवर चढून कागदाच्या पट्ट्यांनी बुजवल्या होत्या. आणि आता एकामागून एक सगळी पेटीत माना टाकत होती.

साहेब दारातून डोकावले. साहेब मनाचे वाईट नव्हते. फक्त वाईट बातमी विनोदात गुंडाळून द्यायची त्यांना खोड होती.

"काय बाई, तुमच्या डोंगरावरच्या पाहुण्यांचा मुक्काम फारच लांबला. आता स्ट्रॉबेरीबाई यायच्यात. त्यांना काचघर लागणार."

"कधी?"

"लवकरच. पेटी अजून एकदा तुमच्या नावावर आहे. तेवढी वापरा. जमलं तर उत्तम, नाहीतर..." पुढचं त्यांनी हाताने केलं. खण आत लोटावा तसा हात लोटला आणि निघून गेले.

ती घरी निघाली तेव्हा धुकं उतरलं होतं. चढावरचे दिवे वाटीएवढ्या पिवळ्या डागांसारखे दिसत होते, आणि एका दिव्यापासून दुसऱ्यापर्यंत चालताना मधला रस्ता आहे की नाही तेच कळत नव्हतं. ह्या धुक्यातून पूर्वी ती पळत जायची. वर, चढाच्या टोकाला, आत्या दार किलकिलं ठेवून बसलेली असायची. उशीर कितीही होवो, जेवायची थांबायची, आणि वर म्हणायची, "मला कुठे भूक होती?"

आईवडील एकाच वर्षी गेले तेव्हा ती इतकी लहान होती, की तिच्या वाटचा शोकही आत्यानेच करून टाकला. तेव्हापासून दर हिवाळ्यात सकाळी आत्या तिचे मोजे हीटरवर पसरून ठेवायची आणि गरम मोजे आयते तिच्या हातात द्यायची. तिची शाळा संपली, कॉलेज संपलं, केसांत रुपेरी तारा आल्या, पण मोजे थांबले नाहीत. गार मोजा पायात चढवणं म्हणजे काय असतं, हे तिला चाळिशी उलटली तरी माहीत नव्हतं. लोकांना हे सांगायची तिला लाज वाटायची, आणि मनातून आनंदही व्हायचा.

ह्या हिवाळ्यात मात्र आत्या बदलली होती.

आधी मोजे थांबले. एके सकाळी ते हीटरवर नव्हते, कपाटात होते. आत्या विसरली असेल, असं तिला वाटलं. मग आत्या जेवायची थांबेनाशी झाली. टेबलावर पातेलं झाकून ठेवलेलं असायचं, बाजूला पाव, आणि आत्याचं ताट धुऊन पालथं घातलेलं. मग 'ठमे' ही हाक गेली. लहानपणापासून आत्या तिला ठमी म्हणायची, अगदी साहेबांसमोरसुद्धा. आता नुसतं "अगं". मग आत्याने आपला पलंग मागच्या खोलीत हलवला. आणि हीटरचं ते लहरी बटण, ज्याला आत्याशिवाय कुणी हात लावायचं नाही, ते तिने हिला समोर बसवून शिकवलं.

"आधी डावीकडे दाब. मग फिरव. असं नाही, घाई करू नकोस."

"तू आहेस ना. मी कशाला शिकू?"

"शिकून ठेवायला पैसे पडतात?"

आणि ती मैत्रीण. आत्याची कुठलीशी मैत्रीण अचानक उगवली होती. तिच्याकडे आत्या राहायला जायची. आधी एक रात्र, मग दोन. परत आली की पांढरीफटक दिसायची आणि दुपारभर झोपायची.

"कोण गं ही मैत्रीण? मी ओळखते?"

"नाही ओळखत. फार कडक आहे बाई ती. वेळेवर झोपवते, वेळेवर उठवते. जेवणात मीठ नाही."

"मग जातेस कशाला?"

"ह्या वयात मैत्रिणी कुठे निवडून मिळतात?"

त्या संध्याकाळीही पातेलं झाकलेलं होतं. तिने सूप गरम केलं, ते अर्धं तसंच ठेवलं, आणि मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आत्या, माझं काही चुकलंय का?"

"चुकायला तू करतेस काय? बटाटेच ना?" आत्या न वळता म्हणाली. "दार ओढून घे. वारा येतो."

तिने दार ओढून घेतलं आणि ती अंधाऱ्या पॅसेजमध्ये उभी राहिली. इतकी वर्षं जे कधी आटणार नाही असं वाटत होतं तेच आटलं, असं तिच्या मनात आलं. प्रेमालाही वय होत असेल. तिला फार एकटं वाटलं, आणि ह्या वयात असं वाटावं ह्याची लाजही वाटली.

पुढच्या आठवड्यात ती कामावर गेली तर काचघराचं दार सताड उघडं होतं आणि आत दोन माणसं नळीने काचा धूत होती. टेबलं रिकामी होती.

"माझी झाडं?"

"बोळात," एकजण म्हणाला.

काचघर आणि गोदाम ह्यांच्यामध्ये एक बोळ होता. वर पत्रा, दोन्ही तोंडांना जाळीची दारं. वारा एका दारातून शिरायचा आणि दुसऱ्यातून शीळ घालत बाहेर पडायचा. पाणी गोठण्याइतका गारठा तिथे नव्हता, पण श्वासाची वाफ स्वतःच्याच डोळ्यांसमोर तरंगायची. तिच्या सगळ्या कुंड्या तिथे भिंतीकडेला दाटीवाटीने मांडल्या होत्या. तुलनेसाठी लावलेल्या शेतातल्या बटाट्याच्या कुंड्याही त्यांच्यात होत्या.

तिने साहेबांना गाठलं. सहसा तिचा आवाज चढत नसे, त्या दिवशी चढला.

"अहो, सांगायचं राहिलं खरं," साहेब ओशाळून म्हणाले. "पण दुसरी जागा नाही हो कुठे. पेटीची पाळी दोन आठवड्यांवर आहे. तोवर काढतील कळ. आणि बटाट्याला कुठे काय फरक पडतो? तुम्हीच शिकवता ना नव्या पोरांना?"

ते खरं होतं. तिथे कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे सांगितलं जायचं, तिलाही सांगितलं होतं: बटाट्याला गारठ्याची सवय होत नाही. त्याला उबेत ठेवा नाहीतर आठवडाभर गारव्यात ठेवा, मरायचा त्याच अंशाला मरतो. हे जुन्या लोकांनी पुन्हापुन्हा करून पाहिलं होतं. म्हणूनच कुणी त्यात वेळ घालवत नसे. पान उबेतून खुडायचं आणि थेट पेटीत टाकायचं, की झालं.

पहिल्या दिवशी तिने कुंड्यांवर गोणपाट घातलं. वाऱ्याने ते उडवलं. तिने पुन्हा घातलं, पुन्हा उडालं. मग तिने नाद सोडला. नंतर बोळातून जाताना ती मान खाली घालून जायची, कारण झाडं तिच्याकडे बघतायत असं तिला वाटायचं. ती रुसल्यासारखी मातीला चिकटून पसरली होती, पानं जाड आणि काळपट हिरवी झाली होती, एकाचीही वाढ बोटभर झाली नव्हती. ही फुकट गेली, असं तिने मनाशी धरलं होतं. घरी आत्या आणखी एकदा मैत्रिणीकडे जाऊन आली. दोघींच्या बोलण्यात आता दूध आणि विजेचं बिल एवढंच उरलं होतं.

शेवटच्या पाळीच्या दिवशीही धुकं होतं. खिडकीबाहेर झाडं नव्हती, गोदाम नव्हतं, नुसता पांढरा उजेड होता. तिने बोळातून खुडलेली पानं पेटीत लावली, मफलरने दांडा फिरवला, आणि दोघं वाट बघत बसली. पेटी संथ गुणगुणायला लागली. स्टुलावर बसल्या बसल्या तिचं डोकं पेटीच्या भिंतीला टेकलं आणि डोळे मिटले.

डोंगर होता. कुठला कोण जाणे, पण उतारभर बर्फ होतं आणि त्यात गुडघ्याएवढी झाडं पांढरी फुलं घेऊन उभी होती. मध्येच एका दगडावर आत्या बसली होती आणि पायाशी दगडांवर ओळीने मोजे वाळत घातले होते. लहान मुलाच्या पायाचे, शाळेतल्या मुलीचे, मोठ्या बाईचे. आत्या एकेक उचलून चाचपत होती. ती हाका मारत होती, पण आत्या वर बघत नव्हती. बर्फ पडत होतं आणि आत्याच्या केसांवर ते वितळत नव्हतं.

"बाई, उठा जरा. मापक बिघडलाय."

ती दचकून उठली. मफलर नळीवर वाकला होता.

"काटा हलतच नाही बघा."

तिने तार पुसली, पुन्हा बुडवली. काटा शून्याजवळ किंचित हलला आणि गप्प बसला. तिने शेजारच्या नळीत शेतातल्या बटाट्याचं पान बघितलं. ते काळं पडलं होतं, आणि तिथे काटा धाडकन टोकाला गेला.

"मापक ठीक आहे," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला दुरून ऐकू आला.

तिने चिमट्याने रानातल्या झाडाचं पान उचललं. पान ताठ होतं. तिने ते गालाला लावलं. गार होतं, हिरवं होतं, जिवंत होतं. तिने पेटीतली बाकीची पानं आणखी खालच्या अंशांवर नेली, आजवर कधी नेली नव्हती इतकी खाली. बाहेर काढली, वितळू दिली, तपासली. ती सगळी जिवंत होती. शेतातला बटाटा तेवढा मेला होता. तोही त्याच बोळात, त्याच वाऱ्यात राहिला होता, तरीही.

मफलरने गळ्यातला मफलर काढला. त्याची मान तिने पहिल्यांदाच बघितली, आणि त्याही घडीला तिला हसू आलं. मान बारीक होती आणि बाळासारखी गोरी होती.

"म्हणजे बोळाने वाचवलं?" तो म्हणाला.

"बोळाने नाही. सवयीने. शेतातल्याला सवय होत नाही. ह्यांना होते." तिने ते ताठ पान त्याच्या हातात दिलं. "आपण ह्यांना उबेतून उचलून एकदम बर्फात टाकत होतो."

साहेब धावत आले, त्यांनी स्वतः काटा तीनदा बघितला, आणि म्हणाले, "स्ट्रॉबेरीबाईंना म्हणावं, जरा दम धरा." मग विनोदाचं भान सुटून त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ हलवत राहिले. "आता घरी जा बाई," ते म्हणाले. "आत्यांना सांगा."

ती दुपारीच निघाली. धुक्यातून, चढावरून, कितीतरी दिवसांनी पळत. आत्या रुसलेली का असेना, ही गोष्ट सांगायला दुसरं होतं कोण?

आत्या पलंगावर होती, उशीला टेकून. तिच्या मांडीवर पांघरूण होतं. ती आत येऊन पलंगाच्या कडेवर बसली आणि बूटही न काढता बोलत सुटली.

"आत्या, जगली! शेतातल्या बटाट्यासोबत त्यांना बोळात काढलं होतं ना, ती रानातली सगळी जगली. आमचीच चूक होती. मी त्यांना जपत होते ना, तीच चूक. फटी बुजवल्या, ऊब दिली, आणि मग एकदम गारठ्यात टाकलं. एकदम टाकलं की मरणारच. त्यांना आधी थोडा गारठा द्यायचा असतो. मरतील इतका नाही, नुसता बोचेल इतका. रोज. मग आपोआप पानं जाड होतात, आत साखर साठते, आणि नंतर खरी थंडी आली तरी..."

ती थांबली. बुटात तिचे पाय गार पडले होते. सकाळपासून गार होते. सगळा हिवाळा गार होते.

आत्याचा हात पांघरुणावरची सुरकुती सपाट करत होता. हात फार बारीक झाला होता.

"बोल ना," आत्या म्हणाली. "थांबलीस का?"

खिडकीला धुकं टेकलं होतं.

"आत्या, ती तुझी मैत्रीण राहते कुठे?"

"स्टेशनपलीकडे," आत्या म्हणाली. "चार मजली आहे. खाली औषधांचं दुकान."

तिला रडू आलं. पण त्याच्या आधी राग आला.

"मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तू मला काचघरात ठेवलं असतंस. फटींना कागद चिकटवून." आत्या हसली, आणि हसताना तिला धाप लागली. "रोज वाटायचं, आज सांगून टाकू. मग म्हणायची, ही उबेत वाढलेली आहे. मीच वाढवली. एकदम कसं सांगायचं?"

"म्हणून मोजे?"

"मोजे सगळ्यांत अवघड गेले," आत्या म्हणाली आणि खिडकीकडे बघायला लागली. "दोनदा कपाटातून काढून पुन्हा आत ठेवले."

मग आत्याने तिच्या गुडघ्यावर थाप मारली, पूर्वी पाढे म्हणायला बसवताना मारायची तशी.

"ठमे, एक सांग. शेतातला होता ना बोळात, त्याचं काय झालं?"

"तो मेला. त्याला सवय होतच नाही."

"आणि तू कुठली?"

ती वाकून बुटाचे बंद सोडायला लागली. आत्याने वाट पाहिली आणि मग, तिला अवघड प्रश्न आला की लहानपणी करायची तसं, दुसरा सोपा विचारला.

"बरं, रानातल्यांना किती दिवस लागले?"

"दोन आठवडे."

"इतकेच?" आत्या म्हणाली. "मग पुष्कळ आहेत माझ्याकडे."

सकाळी तीच आधी उठली. हीटरचं बटण तिने आधी डावीकडे दाबलं, मग फिरवलं, घाई न करता, आणि ते पहिल्या खेपेलाच लागलं. हीटर तापल्यावर तिने त्यावर आत्याचे लोकरी मोजे पसरले, थोड्या वेळाने उलटे केले, हाताने चाचपून बघितले. मग ती खुर्चीवर बसली, कपाटातून काढलेले स्वतःचे मोजे गारच पायात चढवले, आणि आत्याला जाग यायची वाट बघत राहिली.